हिरवं पाणी, तयार कूलंट आणि कॉन्सन्ट्रेट: कुठला डबा घ्यावा, कसा भरावा

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात कूलंटचे, म्हणजे गाडीच्या इंजिनात फिरून ते थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तीन प्रकारचे डबे एकाच फळीवर उभे असतात. पहिला स्वस्त, पातळ, पोपटी हिरवा. वर नुसतंच ‘रेडिएटर कूलंट’ लिहिलेलं. दुसरा ‘रेडी टू यूज’, म्हणजे पाणी आधीच मिसळलेला. तिसरा कॉन्सन्ट्रेट, ज्यात पाणी आपण घालायचं. गिऱ्हाईक टाकीत डोकावतो, रंग बघतो आणि त्याच रंगाचा डबा उचलतो. हा आढावा या तिन्ही प्रकारांचा आहे. रंग बघून घेतलेला डबा चुकीचा का निघू शकतो, तेही ओघात येईलच.

हिरव्या पाण्याचं आधी उरकू. कूलंटच्या डब्यावर चार गोष्टी हव्यात: मानक, मिसळायचं प्रमाण, उत्पादनाची तारीख आणि कुठल्या प्रकारचं रसायन आहे ते. भारतात ‘आयएस ५७५९’ हे मानक आहे. जपानी घराण्यातल्या गाड्यांच्या डब्यांवर बहुधा त्याच्या जोडीला ‘जेआयएस के २२३४’ असतं, अमेरिकी पद्धतीच्या डब्यांवर ‘एएसटीएम डी ३३०६’. यातलं एकही नसेल, प्रमाणही नसेल, तर आत नुसतं रंगवलेलं पाणी असलं तरी वरून कळायची सोय नाही. असा डबा फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यापेक्षा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी बरं, निदान त्यात काय आहे हे ठाऊक असतं.

आता हा पदार्थ नेमकं करतो काय? कूलंटमधलं मुख्य रसायन इथिलीन ग्लायकॉल. ते ५० टक्के आणि पाणी ५० टक्के असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं आणि समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यात, साधारण १०७-१०८ अंशांना उकळतं. ३३ टक्क्यांना गोठणबिंदू उणे १७-१८ वर येतो, २५ टक्क्यांना उणे १२ वर. सोलापूर-नांदेडच्या गाडीला गोठण्याशी कर्तव्य नाही; लेहला हिवाळ्यात नेणार असाल तरच तो आकडा बघायचा. आपल्याकडे कूलंटचं खरं काम गंज रोखणं हे आहे. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, इंजिनाचा खालचा भाग म्हणजे कास्ट आयर्नचा ब्लॉक, कुठे पितळ, कुठे सोल्डर, अशा वेगवेगळ्या धातूंत गरम पाणी फिरत राहिलं की त्यातला जास्त सक्रिय धातू आधी खाल्ला जातो. ग्लायकॉलसोबत डब्यात जी गंजरोधक रसायनं असतात त्यांचे तुम्ही पैसे मोजता. ती झिजतात, ग्लायकॉल त्या मानाने फारच कमी. म्हणून चार वर्षांचं कूलंट रंगाने ताजं दिसतं आणि आतून रिकामं झालेलं असतं.

‘जास्त घट्ट तेवढं चांगलं’ हा समज मात्र सोडा. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. ग्लायकॉल त्यात कमी पडतं. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरलं तर इंजिन जास्त तापतं, वर ते उणे १३ च्या सुमारासच गोठतं, म्हणजे मिश्रणापेक्षा लवकर. ६०-७० टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही. महाराष्ट्रात ३३ ते ५० टक्के हा पट्टा योग्य, आणि त्यात नेमकं किती ते गाडीचं पुस्तक सांगतं.

रंगाला कुठलंही मानक नाही. टोयोटाचं लांब पल्ल्याचं कूलंट गुलाबी, होंडाचं टाइप २ निळं, फोक्सवॅगनचं जी १३ जांभळट. पण बाजारातलं प्रत्येक गुलाबी कूलंट टोयोटाला चालेल असं नाही. फरक रसायनाचा आहे. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात सिलिकेट-फॉस्फेटसारखे अजैविक क्षार असतात; ते धातूवर भराभर थर धरतात आणि तितकेच भराभर संपतात, दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर हा त्यांचा ठरलेला हिशेब. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं, ज्याच्या डब्यावर ‘ओएटी’ लिहितात, ते पाच वर्षांच्या घरात जातं. तिसरं संकरित, म्हणजे दोन्ही पद्धती मिसळलेलं. त्यातही जपानी-कोरियन कंपन्या सिलिकेट टाळतात, कारण त्याने वॉटर पंपाचं सील घासतं असं त्यांचं मत, आणि फॉस्फेट वापरतात. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण तिथल्या जड पाण्यात त्याचा चुन्यासारखा गाळ बसतो, आणि सिलिकेट वापरतात. अशी दोन वेगळी कूलंटं एकत्र ओतली की नेहमीच जेली होते असं नाही. पण गंजरोधकांची मुदत कमी होते, आणि पुढे किती वर्षं चालेल याचा हिशेब कुणालाच करता येत नाही. टोयोटा आपल्या गुलाबी कूलंटला पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटर देते आणि नंतर दर ८०,००० ला बदलायला सांगते. त्यात अर्धा लिटर हिरवं ओतलं की ते आकडे विसरायचे.

तयार डबा की कॉन्सन्ट्रेट

भावात दोघांची तुलना करताना डब्याची किंमत बघू नका, टाकीत जाणाऱ्या एका लिटरची बघा. समजा तयार कूलंट २५० रुपये लिटर आहे आणि कॉन्सन्ट्रेट ४००. कॉन्सन्ट्रेट १:१ ने मिसळायचं असेल तर दोन लिटरला ४०० अधिक डिस्टिल्ड पाण्याचे २०-३०, म्हणजे लिटरमागे सव्वादोनशेच्या आत. फरक मोठा नाही. पण काही डबे १:३ चे असतात, काही १:२ चे, आणि ‘१:३’ म्हणजे एक भाग कूलंटला तीन भाग पाणी, तिघांत एक नव्हे. दुकानदारही इथे गोंधळतो. १:३ साठी बनवलेल्या डब्यात गंजरोधक त्या मापाने जास्त घातलेले असतात. १:१ चा डबा पैसे वाचवायला १:३ ने पातळ केला तर ग्लायकॉल २५ टक्के राहतं आणि गंजरोधक ठरलेल्यापेक्षा निम्मे.

तयार डब्याची खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती डब्यावर लिहिलेली नसते. रेडिएटरखालचा कॉक उघडल्यावर सगळं कूलंट बाहेर येत नाही. ५ लिटरच्या सिस्टीममधून साधारण अडीच-तीन लिटर येतं. उरलेलं ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये (केबिनच्या हीटरची छोटी जाळी) अडकून राहतं. आता गॅरेजमध्ये जुनं काढून दोन-तीनदा पाणी फिरवतात, पाणी स्वच्छ आलं की कॉक बंद करतात आणि वरून तयार कूलंट भरतात. ब्लॉकमध्ये अडीच लिटर निव्वळ पाणी, वरून अडीच लिटर ५० टक्क्यांचं मिश्रण: सिस्टीममध्ये २५ टक्के तयार झालं. बिल पूर्ण कूलंटचं, संरक्षण अर्ध्याचं. दोष डब्याचा नाही, भरण्याच्या पद्धतीचा आहे. पण गिऱ्हाईकाला तो कळतच नाही, कारण रंग छान दिसतो.

म्हणून आमचा कौल असा. जुनं कूलंट त्याच प्रकारचं, स्वच्छ आणि मुदतीत असेल, तर पाणी न फिरवता काढून तयार डबा भरा. वरचेवर भर घालायलाही तोच सोयीचा. पाणी फिरवून धुणार असाल, गढूळ-तपकिरी निघालं असेल किंवा प्रकार बदलत असाल, तर कॉन्सन्ट्रेटच घ्या. ५ लिटरच्या गाडीत अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं, मग जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. ४० टक्के हवं असेल तर २ लिटर. आपल्या गाडीचा एकूण आकडा पुस्तकात असतो. छोट्या हॅचबॅकला चार-पाच लिटरच्या आसपास, मोठ्या डिझेल गाड्यांना आठ-दहापर्यंत.

आधीच भरलेलं कूलंट पातळ निघालं तर सगळं ओतून द्यायची गरज नाही. ५ लिटरमध्ये ३० टक्के आहे आणि ५० हवंय, तर साधारण १.४ लिटर काढा आणि तेवढंच निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरा. सूत्र सोपं आहे: हवं ते प्रमाण वजा असलेलं प्रमाण, त्याला एकूण लिटरने गुणायचं, आणि एक वजा असलेलं प्रमाण याने भागायचं.

पाण्याबद्दल तडजोड नको. बोअरवेलचं पाणी तर सोडाच, नळाचंही नको. त्यातला कॅल्शियम सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती, कवचासारखा बसतो आणि नेमकी तिथलीच उष्णता बाहेर पडायची थांबते. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एसीचं ठिबकणारं पाणी साठवून वापरणारे आहेत. ते क्षारमुक्त असतं हे खरं, पण एव्हॅपोरेटरवरची, म्हणजे एसीच्या थंड जाळीवरची, धूळ आणि बुरशी घेऊनच येतं. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी इतकं स्वस्त असताना हा उद्योग कशाला?

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला थंड ठेवणारं कूलंट हा वेगळा विषय आहे. काही गाड्यांना कमी वीजवाहकतेचं खास कूलंट लागतं. या फळीवरचा कुठलाही डबा त्यात ओतू नका.

झाकण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

महागडं कूलंट घेणारा माणूस रेडिएटरचं दहा वर्षं जुनं झाकण तसंच ठेवतो. आकडे बघा. ५० टक्के ग्लायकॉलने उत्कलनबिंदू सात-आठ अंशांनी वर जातो. आत १.१ बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाने साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू १२१ च्या वर जातो, म्हणजे वीसहून जास्त अंश. दोन्ही मिळून १२८-१३० पर्यंत. उकळण्यापासून वाचवायचं काम कूलंटपेक्षा झाकण जास्त करतं, आणि उंचीवर त्याची किंमत कळते: महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं.

झाकणात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगवाली दाब ठरलेल्या आकड्यावर सोडते. छोटी उलट काम करते: इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा ती उघडून रिझर्व्ह टाकीतलं कूलंट परत ओढून घेते. ही छोटी झडप चिकटली की सकाळी रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, चपटा झालेला दिसतो, टाकी ‘फुल’ दाखवते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण आहे त्यात नुसती टाकी बघून समाधान मानू नका. महिन्यातून एकदा, थंड इंजिनावर, रेडिएटरचं तोंड उघडून पातळी काठोकाठ आहे का बघा. ज्यांची टाकीच दाबाखाली असते, वर चक्रीचं झाकण असतं, त्यांना हा प्रश्न नाही, पण ते झाकणही तितकंच धोकादायक.

नवं घेताना वर छापलेला आकडा जुन्याशी जुळवा: ०.९, १.१, जो असेल तो. ‘जास्त दाबाचं घ्या, उकळणार नाही’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. जुने होज, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे सांधे आणि हीटर कोअर तो दाब सोसतीलच असं नाही. रबराच्या सीलला चीर दिसली की बदला.

गरम झाकण का उघडायचं नाही याचा हिशेब एकदा मांडायला हवा, कारण ‘भाजतं’ एवढ्याने माणूस थांबत नाही. आत १२० अंशांचं चार लिटर पाणी आहे. दाब सुटला की ते क्षणात १०० वर येतं आणि मधली वीस अंशांची उष्णता सुमारे दीडशे ग्रॅम पाण्याची वाफ करते. दीडशे ग्रॅम वाफ म्हणजे जवळपास अडीचशे लिटर. ती एका रुपयाच्या नाण्याहून थोड्याच मोठ्या तोंडातून, उकळतं कूलंट सोबत घेऊन, वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येते. गाडी बंद करून किमान पाऊण तास थांबा. वरचा होज हाताला कोमट लागला पाहिजे आणि दाबल्यावर दबला पाहिजे. टणक असेल तर आत दाब आहे. मग जाड फडकं घालून, तोंड बाजूला ठेवून, झाकण पाव वळसा फिरवा, फुसकारा थांबू द्या, आणि नंतरच काढा.

भरताना

गाडी सपाट जागेवर, थंड, चावी काढलेली. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. खाली मापाचं भांडं लावा. किती निघालं ते मोजल्याशिवाय वरचा हिशेब जमत नाही. कॉक प्लॅस्टिकचा असतो, पक्कडीने आवळला की तुटतो; बोटांनी बसवा. होज काढायचाच झाला तर क्लॅम्प सोडून गोल फिरवून सुटा करा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं की रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी तडकते आणि शंभर रुपयांच्या कामाचे काही हजार होतात.

भरताना सावकाश, बारीक धार. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) असेल तर तो सैल करून बुडबुडा नसलेली धार येईपर्यंत भरा. मग बॅटरी जोडा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन सुरू. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडतो. तो उघडला की खालचा होज एकदम गरम होतो आणि पातळी खाली बसते. तेवढी भर घाला, मधूनमधून वरचा होज दाबून बुडबुडे काढा, झाकण लावा आणि पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. केबिनमध्ये हीटरची हवा सतत गरम येत असेल तर कूलंटमध्ये अडकलेली हवा निघाली. मध्येच थंड येत असेल, डॅशबोर्डमागे झऱ्यासारखा आवाज येत असेल, तर ती अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघायचीच. टाकीच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. ‘मॅक्स’च्या वर भरलेलं गरम होऊन बाहेरच सांडतं.

याच फळीवर मिळणाऱ्या इतर गोष्टींपैकी रिफ्रॅक्टोमीटर घेण्यासारखा आहे. दोन थेंबांत गोठणबिंदू दाखवतो, त्यावरून ग्लायकॉलचं प्रमाण कळतं. तरंगत्या गोळ्यांचा हायड्रोमीटर स्वस्त आहे, पण गरम कूलंटवर चुकीचं दाखवतो. गंजरोधक शिल्लक आहेत का ते ही दोन्ही उपकरणं सांगत नाहीत; त्यासाठी तारीख आणि पीएचची पट्टी. पीएच ७ च्या खाली गेला की बदलायचं, मग ग्लायकॉल कितीही असो. वरचेवर पातळी घटत असेल तर डबे आणण्याऐवजी गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या: थंड इंजिनावर झाकणाच्या आकड्याएवढाच दाब, दहा-पंधरा मिनिटं. काटा खाली आला तर गळती आहे. वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाजवळ वाळलेला रंगीत ओघळ, होजच्या तोंडाशी पांढरी खपली, पुढच्या सीटखाली ओला गालिचा आणि गोडसर वास, या जागा आधी बघा. बाहेर काहीच सापडत नसेल तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर, संशय घ्या आणि निळ्या द्रवाची चाचणी करायला सांगा. रेडिएटरमध्ये ज्वलनाचे वायू येत असतील तर तो पिवळा पडतो.

गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली: नाही. ती छिद्र आणि हीटर कोअरची बारीक नळी यांत फरक करत नाही. ट्रकवाल्यांची हळद त्याच जातीची. रानात अडकलात तर मूठभर हळदीने गॅरेज गाठता येईल, पण नंतर सगळी सिस्टीम धुवावी लागते. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड राहील’ हा सल्लाही तसलाच. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो. शहरात इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त खातं आणि खंबाटकीच्या चढावर उलट तापतं.

चढावर काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात, आणि सुरक्षित जागा दिसताच बाजूला. काटा लाल पट्टीत गेला किंवा बॉनेटमधून वाफ आली तर इंजिन लगेच बंद करा. पाच किलोमीटर रेटलं तर हेड वाकतं, मग ते उतरवून लेथवर फेसिंग, नवं गॅस्केट, आणि तरीही खात्री नाही. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, बाहेरूनही शिंपडू नका, हेडला तडा जातो. पूर्ण थंड झाल्यावर साधं पाणी भरून घरी आलात तर चालेल, फक्त ते किती भरलं ते लक्षात ठेवा आणि वरच्या सूत्राने प्रमाण परत जमवा.

डब्यांबद्दल एक तक्रार तिन्ही प्रकारांना लागू आहे: इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड आहे, आणि हा इशारा बहुतेक लेबलांवर मुंगीच्या अक्षरात असतो. मोठ्या माणसाला शंभर मिलीलिटरच्या आसपास जिवावर बेततं, मुलाला आणि कुत्र्या-मांजराला फार थोडं पुरतं. कडू चव मिसळलेला डबा मिळत असेल तर तोच घ्या. उरलेलं कूलंट सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कुणी प्यायलं तर लक्षणांची वाट न बघता डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा वाटतो आणि मूत्रपिंडं नंतर बसतात. जमिनीवर सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका, रिकाम्या डब्यातच भरून, वर ‘जुनं’ असं ठळक लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.